पेंडीच्या खोलीतला वर्ग

आमच्या पिंपळवंडीत त्या काळी पंप म्हटलं की तीन गोष्टी डोळ्यांपुढे यायच्या. एक विहिरीवरचा, लाइट आली की धावत जाऊन चालू करायचा. दुसरा पाठीवर अडकवून टोमॅटोला औषध मारायचा. आणि तिसरा अलकावहिनीचा, बोटाएवढा, जो ती पोलक्यात खोचून ठेवायची आणि दम लागला की भिंतीकडे तोंड करून, पदराआड ओढायची. पहिल्या दोन पंपांबद्दल गावात सगळे मोठ्यानं बोलत. तिसऱ्याबद्दल कोणी बोलत नसे, जणू ती काही चोरी होती. योग शिकवायला लागून आता माझं उभं आयुष्य झालं. नव्यानं शिकवू लागलेल्या मुलींना मी अलकावहिनीची गोष्ट सांगते, पण खरं सांगायचं तर ती सांगताना मी माझ्या सोयीनं थोडी छाटते. इथे छाटायची नाही असं ठरवून बसले आहे.

आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. पावसाळा संपला की ते कळप घेऊन निघायचे आणि महिनोन्‌महिने घराकडे फिरकायचे नाहीत. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमीन धरली, विहीर खणली, पण पंधराएक मेंढरं काही सोडली नाहीत. मागच्या अंगाला काटेरी कुंपण घातलेला त्यांचा वाडगा होता. पहाटे जाग यायची ती त्यांच्या खुरांच्या आवाजानं, मग आईच्या चुलीत फुंकणी घालण्याच्या आवाजानं आणि मग दूर डेअरीत कॅन आपटल्याच्या आवाजानं. ओल्या लोकरीचा वास माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा यायचा. मुली नाक मुरडायच्या आणि मी घरी येऊन आईवर चिडायची. आज तो वास कुठे आला तर मी उगाच दोन पावलं थांबते. तात्यांची एक सवय होती. मेंढरं चरत असली की ते काठीवर हनुवटी टेकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून तासन्‌तास उभे राहायचे. पुढे मी पुण्याहून वृक्षासन शिकून आले आणि मोठ्या उत्साहानं त्यांना करून दाखवलं, तेव्हा त्यांनी माझ्या थरथरत्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याला पैसं दिलं का गं तू?"

बारावीनंतर मी पुढे शिकू शकले नाही. दोन वर्षं घरीच होते. मग पुण्यातल्या मावशीनं बोलावून घेतलं आणि तिच्या घराजवळ योगशिक्षकांचा वर्ग चालायचा त्यात माझं नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या होत्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आसनं शिकवली, श्वास शिकवला, आणि रोज शेवटची वीस मिनिटं यम-नियम शिकवले. अहिंसा, सत्य, अस्तेय असं करत मी सगळं पाठ केलं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि मी पानभर उत्तर लिहिलं. बाईंनी आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: "कुणाचं औषध कमी करा, बंद करा, हे आपण सांगायचं नाही. ते डॉक्टरांचं काम. तुम्ही त्यात बोट घालायचं नाही." हे मी वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून रेघेचं इतकं ठामपणे सांगते.

मी परत आले त्या दिवशी आईनं मासवडी केली. मासवडी ही आमच्याकडे जावयासाठी, नाहीतर कुणी फार दिवसांनी आलं तर होणारी गोष्ट. बेसन घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं, वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. आईची दुपार त्यात गेली. जेवताना ती म्हणाली, "आता हितं कोण शिकणार तुझ्याकडं? हितल्या बाया दिसभर वाकत्यातच की." मला ते लागलं. मी ठरवलं, शिकवीनच.

जागा मिळाली ती डेअरीच्या मागची खोली. पुढे दूध घालायचं, मागे जनावरांच्या पेंडीची पोती रचलेली. अर्धी खोली पोत्यांची, अर्धी आमची. सरकी पेंडीचा गोडसर, खवट वास सगळीकडे. वेळ ठेवली साडेसहाची, कारण त्याआधी उसाच्या कडेनं यायचं म्हणजे बिबट्याची भीती, आणि त्यानंतर बायकांना भाकऱ्यांची घाई. दूध घालायला आलेल्या बायका रिकामी किटली दाराशी ठेवून आत यायच्या. आधी नुसत्या हसायला आल्या. लुगड्याचा कासोटा घातलेल्या म्हाताऱ्या पुढे वाकून तळवे जमिनीला सहज टेकवायच्या आणि माझ्यासारखी सुती पंजाबी ड्रेसमधली पोर गुडघ्याजवळ अडकायची. पण शवासन सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. डोळे मिटून पाठीवर नुसतं पडायचं, काही करायचं नाही, हे त्यांना जमेना. एक जण उठून बसली आणि म्हणाली, "बाई, लग्न झाल्यापास्नं दिसाउजेडी उताणी पडले न्हाई मी. लाज वाटती." दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यात आधी आडवी झाली आणि घोरायला लागली.

अलकावहिनी आमच्या शेजारची. मी दहा वर्षांची असताना ती लग्न होऊन आली, डिंभ्याची. माहेरची आठवण आली की मला जवळ ओढायची आणि माझ्या वेण्या घालायची, इतक्या घट्ट की माझे डोळे ताणले जायचे. म्हणून तिला मी पहिल्यापासून तूच म्हणत आले. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला दमा लागला. थंडीत ती भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. तिचे यजमान दत्तूभाऊ फार थोडं बोलणारे. नारायणगावच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिला तो तेच आणायचे, न चुकता. त्यांच्या आईला आख्खी वाडी नानी म्हणायची. नानीला त्या पंपाचा राग. "त्याची सवय लागती. तंबाकूसारखी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं.

वहिनी वर्गात यायला लागली ती शेवटच्या रांगेत बसायची. मी तिला आसनं फारशी दिलीच नाहीत. श्वास सोडायला शिकवलं. दम्याच्या माणसाला हवा आत येत नाही असं वाटतं, पण आतली बाहेर जात नाही हीही त्याची अडचण असते. ओठ किंचित मिटून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश श्वास सोडायचा, एवढंच. तिनं ते फार मन लावून केलं. चुलीपुढे, गोठ्यात, शेतात निंदताना. महिना-दीड महिना गेला असेल. एका सकाळी ती किटली खाली ठेवत मला म्हणाली, "रंजे, काल मी आडवी झोपले. पार आडवी. सकाळी उठले तवा कळलं." आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. त्या सकाळी मला जे वाटलं ते खोटं नव्हतं. नंतर कितीही मोठे वर्ग घेतले तरी तसा आनंद मला पुन्हा झाला नाही.

त्याच्यानंतर काही आठवड्यांनी वर्ग संपताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आज आठरा दिस झालं. पंप न्हाई घेतला. सोडलाच."

"अगं बया!" कुणीतरी म्हणालं. "म्हंजी दमा गेला?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. तिच्याबरोबर खोलीतल्या सगळ्या. मला बाईंचं वाक्य आठवलं, त्याखालच्या दोन रेघाही आठवल्या. 'वहिनी, पंप सोडू नकोस, आधी डॉक्टरांना विचार,' एवढंच म्हणायचं होतं. मी हसले. 'हो' म्हणाले नाही, नुसती हसले. पण त्या हसण्याचा अर्थ प्रत्येकीला कळला, आणि मलाही कळला.

इथेच थांबले असते तरी बरं होतं. पुढच्या आठवड्यात वारूळवाडीच्या बायकांनी मला बोलावलं, आमच्याकडेही वर्ग सुरू करा म्हणून. पन्नासेक बायका जमल्या होत्या. माइक होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात माइक आला आणि मी म्हणाले, "आमच्या गावात एका वहिनीला दमा होता. योगानं गेला." टाळ्या पडल्या. परत येताना एसटीत बसायला जागा नव्हती, तरी मी दांड्याला धरून सगळा रस्ता स्वतःशीच हसत आले.

दसऱ्यानंतर बाजरीची मळणी निघाली. आमच्याकडे मळणीला सावड असायची, आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही. त्या दिवशी दत्तूभाऊंच्या खळ्यावर मशीन लागलं होतं. ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर ते मशीन धडधडायचं आणि तोंडातून भुसा असा फेकायचं की पलीकडचा माणूस दिसू नये. बाजरीचा भुसा अंगाला लागला की दोन दिवस खाज जात नाही. आई आणि मी कणसांच्या पाट्या देत होतो. वहिनी खरं तर मळणीच्या दिवशी घरात राहायची. दरवर्षी नानी त्यावरून बोलायची. त्या दिवशी वहिनी तोंडाला पदर बांधून आली आणि मला म्हणाली, "आता मला काय झालंय? बसून राहू व्हय?" मी तिच्या हातात पाटी दिली. हे मी कधीच कुणाला सांगत नाही. पाटी मी दिली होती.

दुपारच्या भाकरीच्या आधी ती एकाएकी बाजूला झाली आणि बांधावर दोन्ही हात टेकून बसली. मशीनच्या आवाजात कुणाला कळलं नाही. मी गेले तेव्हा तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि ओठ जांभळट दिसत होते. मी तिच्यासमोर बसले. "वहिनी, सावकाश सोड. चहावर फुंकर घालतो तसं. माझ्याकडं बघ. सोड." तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, फक्त भीती होती. मग तिनं माझा हात ढकलला आणि पोलक्याशी चाचपडायला लागली. तिथे काही नव्हतं.

दत्तूभाऊंनी मशीन बंद करायला लावलं. सगळीकडे एकदम शांत झालं आणि त्या शांततेत तिच्या छातीची शिट्टी ऐकू यायला लागली. रस्त्यावर एक पिकअप नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन निघाला होता. तो थांबवला. ड्रायव्हरनं पुढची सीट मोकळी केली आणि स्वतःहून म्हणाला, "बसा राव, बोलू नका." मध्ये वहिनी, एका बाजूला दत्तूभाऊ, दाराकडे मी. मागे क्रेट एकमेकांवर आदळत होते. मला श्वासाबद्दल जे काही येत होतं, ते सगळं त्या बाईला त्या घटकेला निरुपयोगी होतं, हे माझ्या अंगावर चढत गेलं.

दवाखान्यात तिला सुई टोचली, ऑक्सिजन लावला, मशीनवर औषधाचा वाफारा दिला. तासाभरानं शिट्टी कमी झाली. ओठांना रंग आला. मग डॉक्टर आमच्याकडे वळले. "पंप कुठे आहे? किती दिवस घेतला नाही?"

दत्तूभाऊ गोंधळून वहिनीकडे बघायला लागले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगणार तेवढ्यात वहिनीनं तोंडावरचा मास्क जरा उचलला. "संपला व्हता," ती तुटक म्हणाली. "ह्यांना सांगितलं व्हतं. आणायचा ऱ्हाऊन गेला."

दत्तूभाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टर दत्तूभाऊंना सगळ्यांसमोर बोलले, पण जे सांगण्यात आलं होतं ते धरूनच बोलले, डॉक्टरांची काही चूक नव्हती. "बायको गेली असती तुमची. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." दत्तूभाऊ उभ्या उभ्या ऐकत राहिले. डोक्यात, भुवयांवर बाजरीचा भुसा होता. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

गावात बातमी तशीच पोचली. दत्तूनं औषध आणलं नाही. दोन दिवसांनी वहिनी घरी आली. मला जेवण जाईना. आईनं हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाचा वास घरभर पसरला होता, आणि मी ताटलीत बोटं फिरवत बसले होते. आईला आधीच संशय होता. तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं.

आई बराच वेळ चुलीतली लाकडं सारत राहिली. मग म्हणाली, "झालं ते झालं. ती वाचली ना? मग तू मधी पडू नको. वर्ग चाललाय, चार लोकं नाव घेत्यात, वारूळवाडीचं स्थळ आलंय. कशाला आपल्या हातानं माती करती?"

तात्या दारात घोंगडीवर बसून ऐकत होते. "तुला म्हाईत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"होय."

"मग दत्तूला का ऐकून घ्यायला लावती?" एवढंच म्हणाले आणि मेंढरांकडे निघून गेले.

त्याच दिवशी दुपारी डिंभ्याहून वहिनीचा मोठा भाऊ आला. निरोप त्याला आदल्या दिवशीच मिळाला होता, पण तिकडून एसटीचा काही भरवसा नसे. अर्धी वाट चालून, मिळेल त्या वाहनानं आलेला, चिडलेला माणूस. अंगणात पाय ठेवल्यापासून त्याचा आवाज आमच्या घरात ऐकू येत होता. "पावणं, माझी बहीण काय मारायला दिली व्हती का तुमाला? एवढंसं औषध आणायला हुईना?" मी गेले तेव्हा अंगणात वाडीतली दहा-पंधरा माणसं उभी होती. दत्तूभाऊ ओसरीच्या पायरीवर बसले होते. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून, शाल लपेटून. नानी जात्यापाशी. भाऊ म्हणत होता की मी तिला आत्ताच घेऊन जातो.

"दादा, दत्तूभाऊंची चूक नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "पंप संपला नव्हता. वहिनीनं सोडला होता. तिनं मला सांगितलं होतं. मी नको म्हणायला पाहिजे होतं, ते म्हणाले नाही. माझ्या वर्गाचं नाव होतंय म्हणून गप्प बसले. वर वारूळवाडीला जाऊन तिचा दमा गेला म्हणून सांगून आले."

भाऊ माझ्याकडे आणि मग बहिणीकडे बघायला लागला. नानी पहिल्यांदा बोलली. "कालची पोर तू. आमच्या घराशी खेळ मांडला व्हय गं?" पंपाला तंबाखू म्हणणारी नानी ती हीच, पण त्या दिवशी तिचं बोलणं मला अन्यायाचं वाटलं नाही. मी वहिनीकडे पाहिलं. मला काय अपेक्षित होतं कोण जाणे. ती चौकट सोडून एक पाऊल पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला कुणी इचारलं व्हतं?" ती म्हणाली. "मी तुला झाकलं. तू मला उघडं पाडलंस. नवऱ्यावर खोटं घातलं म्हणून आता सगळं गाव मला बोलंल."

आणि ती आत गेली. भाऊ थोड्या वेळानं, पाणीसुद्धा न पिता, दत्तूभाऊंच्या खांद्याला हात लावून निघून गेला.

सत्य आणि अहिंसा या दोन गोष्टी मी परीक्षेत एकाच पानावर, एकाखाली एक लिहिल्या होत्या. त्या एकमेकींच्या आड येऊ शकतात हे त्या पानावर नव्हतं. त्या अंगणातलं माझं बोलणं मी आयुष्यभर तपासत आले आहे. दत्तूभाऊंवरचा खोटा आळ गेला, हे खरं. पण मी ते त्यांच्यासाठी बोलले की स्वतःची छाती मोकळी करायला? आधी वहिनीकडे एकटी गेले असते, तिच्याशी बोलले असते, तिलाच तिचं खरं सांगू दिलं असतं, तर? वर्गात गप्प बसले तेव्हा मला माझं भलं दिसत होतं. अंगणात बोलले तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे मीच होते की काय, असं वाटतं. ते बोलले नसते तर बरं झालं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. सांगायचं होतंच, पण मी ते घिसाडघाईनं सांगितलं. आता वर्गात कुणी मला विचारलं की सत्य म्हणजे काय, तर मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, कुणाला सांगायचंय आणि कुणासमोर?

वारूळवाडीला जाऊन मी माइक न घेता तेच सांगितलं. तिथला वर्ग सुरू झालाच नाही, आणि स्थळाकडूनही पुन्हा निरोप आला नाही. आई त्यावर मला कधी टोचून बोलल्याचं आठवत नाही, पण पुढे कितीतरी महिने ती चुलीतली लाकडं जरा जास्त जोरात सारायची. अलकावहिनी माझ्याशी बोलायला लागली ती पुढच्या उन्हाळ्यात, तेही कुरडयांचा चीक घोटायला माणूस कमी पडलं म्हणून. डॉक्टरांचं औषध तिचं चालू होतं. बोलताना ती या गोष्टीवर एक अक्षर बोलली नाही. नंतरही कधी नाही. काही वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा हळदीच्या दिवशी माझ्या वेण्या मात्र तिनंच घातल्या, पहिल्यासारख्याच घट्ट.

पण हे सगळं पुढचं. अंगणातल्या त्या दुपारनंतर मी डेअरीच्या खोलीची किल्ली परत देऊन टाकली आणि तात्यांची मेंढरं घेऊन रानात जाऊ लागले. शिकवायचा आपल्याला अधिकार नाही, असं मनाशी पक्कं झालं होतं. मेंढरांना काही शिकवावं लागत नाही, याचं बरं वाटायचं. पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका संध्याकाळी कालव्याच्या कडेला बसले होते. दत्तूभाऊ सायकलला जनावरांसाठी उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा भारा बांधून येताना दिसले. मी उठून उभी राहिले. ते उतरले, सायकल धरून थांबले, मेंढरांकडे बघत राहिले.

"बाया इचारत व्हत्या," ते म्हणाले. "वर्ग का बंद केला?"

"कोणत्या तोंडानं घेऊ, भाऊ?"

त्यांनी भाऱ्याची दोरी ओढून घट्ट केली. ती आधीच घट्ट होती.

"ती आडवी झोपत व्हती," ते म्हणाले. "तेवढं तर खरं व्हतं ना? आता औषध घेऊनबी झोपती. श्वास सोडायचं ते अजून करती. चुलीपुढं. मी बघतो."

मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला माझा राग नाही आला?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "हाय की राग. लई हाय. तुझाबी हाय, तिचाबी हाय. पण त्यो माझा हाय, त्याचं मी बघीन. तू उद्या साडेसहाला बायांना बसव."

ते सायकल ढकलत निघून गेले, भारा मोठा असल्यानं त्यांना बसता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली मागून आणली. पाच जणी आल्या. पूर्वी वीस-बावीस असायच्या. पोत्यांची थप्पी वाढली होती आणि जागा कमी झाली होती. मी सतरंजी अंथरली, समोर बसले आणि म्हणाले, "आज आधी एक सांगते. कुणाला काय दुखणं आहे, कोणतं औषध चालू आहे, ते मला सांगा. ते तुमचं तुम्ही चालूच ठेवायचं. मी डॉक्टर नाही."

कासोट्यातली एक म्हातारी म्हणाली, "मला बीपीची गोळी हाय. पण मी ती लेकाला सांगितली न्हाई." दुसरी म्हणाली, शेवटच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येतं, चार वर्षं झाली, घरात कुणाला बोलली नाही. तिसरी नुसतीच रडायला लागली आणि शेजारणीनं तिचा हात धरला. मी ऐकत बसले. डेअरीतले कॅन आपटायचे थांबले, ऊन दारातून आत आलं, घरोघरी भाकऱ्यांची वेळ टळून गेली. त्या दिवशी आसन एकही झालं नाही, आणि उठायची घाई कुणी केली नाही.